निर्जळीचं कीर्तन

“बाई, चिपळ्या हातात ठेवू की खाली?”

त्र्यंबकबुवा एरंडोलकर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वजनकाट्यावर उभे होते. डोक्याला पगडी, अंगात पायघोळ अंगरखा, खांद्यावर उपरणं. मुलांची उंची-वजनं घ्यायचा तो जुना काटा त्यांच्या पायाखाली कुरकुरत होता. तासाभराने त्यांना राममंदिरात कीर्तनाला उभं राहायचं होतं.

“खाली ठेवा,” मी म्हटलं. “कीर्तन झालं की थेट इथे यायचं. पुन्हा वजन करू. जेवढं कमी भरेल तेवढं पाणी अंगातून गेलं.”

“घामावाटे.”

“घामावाटे आणि श्वासावाटेही.”

बुवा काट्याकडे बघायला वाकले आणि तसेच थांबले. “पण बाई, घाम काही सगळा हवेत जात नाही. निम्मा या अंगरख्यात मुरतो. तो तुम्ही माझ्याच वजनात धरणार की काय?”

 अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून मला बरीच वर्षं झाली होती, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बुवा हसत सापळ्याच्या कपाटामागे गेले आणि नुसता पंचा नेसून बाहेर आले. मी खिडकीकडे तोंड केलं. काटा मथूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, वाचला.

“एकसष्ट,” काकू म्हणाल्या. “लग्नात याच्या निम्मे होते.”

“लग्नात मी तेरा वर्षांचा होतो, तेही सांग बाईंना.”

हे तापीकाठच्या आमच्या गावात, रामनवमीच्या उत्सवात घडलं. चैत्रातच ऊन असं असायचं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नसे. बुवांची नऊ दिवसांची कीर्तनं त्या उत्सवाचा जीव होती. आम्ही लेवा पाटील, घर शेतीचं. वडील मला खांद्यावर बसवून त्यांच्या कीर्तनाला न्यायचे. पुढे शिकले, शास्त्राची पदवी घेतली, गावातच शिक्षिका झाले. पण देव आहे असं मला जे आतून वाटतं, ते बुवांच्या तोंडून ऐकून वाटायला लागलेलं आहे. पूर्वरंगात ते एखादा अभंग घेऊन त्यावर शंका काढत. शंका अशी काढत की वाटावं, आता हे देवालाच नाही म्हणणार. मग एकेक करून ती सोडवत न्यायचे. वर्गात मी मुलांना सांगायचे, आधी प्रश्न विचारा, मग अंदाज बांधा, मग तो अंदाज खोटा पाडायचा प्रयत्न करा. ही रीत मी कॉलेजात शिकले असं लोकांना वाटे.

आदल्या पावसाळ्यात मुतखड्याने बुवांना जमिनीवर लोळवलं होतं. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलंय, दुसरं तरी सांभाळा, पाणी भरपूर प्या, असं डॉक्टरांनी बजावलं. पण आमच्या मंदिराचा दंडक होता: बुवांच्या गळ्यात हार पडला की आरतीपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घ्यायचा नाही. नारदाच्या गादीवर तहान कसली लागते, असं जुनी मंडळी म्हणायची. आणि वर्षातलं सगळ्यात मोठं कीर्तन असायचं ज्येष्ठातल्या निर्जळी एकादशीचं. भर दुपारी, पत्र्याच्या सभामंडपात, बुवांच्या पोटात पहाटेपासून थेंब नसायचा. ते कीर्तन बुवांच्या आजोबांपासून त्यांच्या घराकडे होतं.

“डॉक्टर म्हणतात प्या. आजोबा म्हणायचे पिऊ नका,” बुवा मला म्हणाले होते. “दोघंही मोठी माणसं. आता प्रमाण कुणाचं मानायचं?”

“कुणाचंच नको,” मी म्हटलं होतं. “मोजून बघू.”

तेव्हापासून ते माझ्यामागे लागले होते.

मी योजना साधी केली होती. एक दिवस कीर्तनाच्या मध्यंतरात तांब्याभर पाणी प्यायचं, एक दिवस नाही. बाकी सगळं सारखं: जेवण तेच, वेळ तीच, उभं राहायचं तेवढंच.

“आख्यानही तेच हवं,” बुवा म्हणाले. “वनवासाच्या आख्यानात घाम जास्त येतो. स्वयंवरात कमी.”

“असं असतं?”

“विचारा हिला. वनवासाच्या दिवशीचा अंगरखा हिला दोनदा धुवावा लागतो.”

काकूंकडे मी दुसरंच काम दिलं होतं. त्या बायकांच्या बाजूला खांबाआड बसायच्या, तिथून बुवा दिसत नसत. कोणत्या दिवशी आवाज शेवटपर्यंत टिकला, एवढंच त्यांनी सांगायचं. पाणी प्यायले की नाही हे त्यांना कळता कामा नये.

“मग एक दिवस आड करू नका,” बुवा म्हणाले. “ही ओळखेल. संध्याकाळी भिकाजीला नाणं उडवायला सांगा. आणि कोरड्या दिवशीही तांब्या द्या माझ्या हातात, रिकामा. मी तोंडाला लावीन. म्हणजे मंडळींच्या चेहऱ्यावरूनही हिला कळणार नाही.”

भिकाजी सोनार त्यांचे तबलजी. त्यांना हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता, पण नाणं ते मन लावून उडवत.

“बुवा, तुम्ही शास्त्राकडे जायला हवं होतं,” मी म्हटलं.

“मी कुठे आहे मग?”

मी आणखी एक सुचवलं. ज्या दिवशी कीर्तन नसेल त्या दिवशीही, नुसतं घरी बसून वजन मोजू, म्हणजे तुलनेला होईल. त्यावर मात्र त्यांनी हात झटकला. “ज्या दिवशी कीर्तन नाही तो दिवस मोजण्यासारखाच नाही, बाई.”

त्या नऊ दिवसांत मी जेवढी हसले तेवढी पुढे कधी हसले नाही. रोज कीर्तनानंतर आम्ही चौघं शाळेत. आधी काकूंचा निकाल, मग काटा. मग बुवा उपरण्यात गुंडाळलेली एक बाटली संकोचाने टेबलावर ठेवायचे. लघवीचा रंग बघायचा होता. “कालच्यापेक्षा गडद,” मी म्हणायचे, आणि बुवा छताकडे बघत राहायचे.

एका संध्याकाळी मी दोन काचपात्रांत सारखंच मीठ घातलं. एकात भरपूर पाणी, एकात अगदी थोडं. पहिल्यातलं मीठ दिसेनासं झालं. दुसऱ्यात ढवळून ढवळूनही तळाशी खडे राहिले.

“पाण्यासारखं विरघळवणारं दुसरं काही नाही,” मी म्हटलं. “रक्तातली घाण पाणीच वाहून बाहेर नेतं. पाणी कमी पडलं की ती तळाशी बसते. तुमचा खडा असाच झाला.”

बुवांनी तळातले खडे बोटाने चाचपले. “आणि घाम?”

“माठ गार का राहतो? पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. पाण्याला वाळायला उष्णता फार लागते. आपलं अंगही तसंच गार राहतं.”

“म्हणजे मी माठ.”

“दोन तास पत्र्याखाली ठेवलेला.”

“आणि वर कुणी पाणी घालत नाही,” काकू दारातून म्हणाल्या.

निकाल स्वच्छ निघाला. कोरड्या दिवशी वजन किलोहून बरंच जास्त उतरायचं, पाण्याच्या दिवशी त्याच्या निम्मंच. काकूंनी एकही दिवस चुकीचा सांगितला नाही. नवमीच्या दिवशी बुवा काट्यावरून उतरले आणि उपरणं झटकून म्हणाले, “झाला सिद्धांत. आजोबांना मी वर गेल्यावर सांगेन.”

“वर जायची घाई नको,” काकू म्हणाल्या.

पुढचे दोन महिने त्यांनी पाणी पिऊन कीर्तनं केली. शेजारच्या गावांत, यात्रांत, उघड. कुणी काही म्हणालं नाही. नवमीच्या उत्सवात आमच्या मंदिरातही मंडळींनी तांब्या औषधाचा समजून डोळेझाक केली होती. चार म्हाताऱ्या माना तेवढ्या हलल्या. मग ज्येष्ठ आला, आणि निर्जळीला तशी सूट नव्हती.

एकादशीच्या सकाळी मी मंदिरात गेले तर पटांगणात माठांच्या रांगा लागल्या होत्या. त्या दिवशी पाण्याने भरलेले माठ दान करायचे, वर पंखा आणि खरबूज ठेवून, ही आमच्याकडची मोठी पुण्याची गोष्ट. निम्मे माठ एकट्या हिरालालशेठ वाण्यांचे असत. ते मंदिराचे मुख्य विश्वस्त. भला माणूस. दुष्काळात त्यांनी स्वतःची विहीर गावाला मोकळी केली होती. उगीच त्यांना वाईट म्हणणार नाही.

ओवरीत ते बुवांशी हळू आवाजात बोलत होते. मी फुलं घेऊन गाभाऱ्याच्या पायरीशी होते, सगळं ऐकू येत होतं.

“बुवा, डॉक्टरनं काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. मी काय माणूस मारायला बसलोय? मागं कोठीच्या खोलीत वाळ्याचा माठ भरून ठेवलाय. मध्यंतरात दोन मिनिटं आत या, हवं तेवढं प्या. भिकाजी भजन धरेल. कोण बघतंय?”

“तुम्ही बघताय.”

“मी कुणाला सांगतोय थोडाच.”

“तसं नाही, शेठजी. मी आत जाऊन प्यायलो, की मंडळी म्हणणार बुवा पाण्यावाचून उभे राहिले. उद्या माझ्यामागून कुणी गादीवर येईल. त्याला कोठीतला माठ कुणी दाखवणार नाही. तो खरंच पाण्यावाचून उभा राहील.”

“उद्याचं उद्या.”

“आणि रामाला काय सांगू? पुढून हार घातला आणि मागून प्यायलो?”

“रामाला सगळं कळतं. अडचण माणसांची आहे,” शेठजी म्हणाले. “तुम्ही फार विचार करता, बुवा. दोन मिनिटांचं काम आहे.”

बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

त्या दुपारी सभामंडप भरून वाहत होता. पूर्वरंगात बुवांनी माठाचीच गोष्ट काढली. माठ दिवसभर पाझरतो म्हणून आतलं गार राहतं. रिकामा माठ कितीही पुण्यवंताच्या घरचा असो, तापणारच. देह देवाने दिलेला माठ आहे. आज आपण दारोदार भरलेले माठ देतो, मग हा एकच का रिकामा ठेवायचा? उपास करा, पण तहानेल्याला विचारून करा. शंका त्यांनी स्वतःच काढली, “मग इतकी वर्षं बुवा खोटं का वागला?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “तेव्हा मोजलं नव्हतं, आता मोजलं.” मला वाटलं, असं निरूपण या गावात झालं नाही आणि होणार नाही.

मध्यंतरात त्यांनी तांब्या उचलला, सगळ्यांना दिसेल असा, आणि रामाकडे तोंड करून पाणी प्यायले.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले आणि बाहेर गेले. मग बायकांतून दोघी. मग रांगच लागली. उत्तररंगात बुवांनी त्या राजाची कथा लावली, ज्याने उपासाच्या शेवटी तोंडाशी नेलेलं पाणी दारात आलेल्या तहानलेल्याला दिलं. ऐकायला आम्ही ओंजळभर माणसं उरलो होतो. आरतीला हिरालालशेठ उभे होते, शेवटपर्यंत. त्यांचे डोळे भरले होते.

पंधरा दिवसांनी ते स्वतः बुवांच्या घरी आले. आंब्यांची करंडी आणली. “पुढच्या एकादशीला नाशकाकडचे मुकुंदबुवा येतील,” म्हणाले. “तुम्ही आता तब्येतीला जपा. मंडळींचं फार मनात आहे की तुम्ही विश्रांती घ्यावी.”

“रामनवमी?”

“तीही त्यांच्याकडेच देऊ. उगीच दोनदा बोलावणं कशाला.”

गावात म्हणत, फिरकेबाईंनी बुवांना शाळेतलं पाणी पाजलं. फिरके माझं आडनाव. किराण्याच्या दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. एक पालक हेडमास्तरांकडे जाऊन आले, बाई मुलांना नास्तिक करतात म्हणून. मी ज्या गाभाऱ्यात रोज पहाटे दिवा लावत होते, तिथला पुजारी मला तीर्थ देताना हात आखडता घेऊ लागला.

ते मी सोसलं असतं. बुवांचं मात्र सोसवत नव्हतं. आजूबाजूच्या गावांची बोलावणी एकेक करून बंद झाली. मुकुंदबुवा आले, तरुण, गोड गळ्याचे. त्यांनी एकादशीचं कीर्तन रंगवलं. मध्यंतरात ते थोडा वेळ कोठीकडे गेले होते. कशासाठी गेले ते मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.

“घरात बोलत नाहीत,” काकूंनी मला एकदा बाजारात थांबवून सांगितलं. “पाणी पितात बरं का. तुम्ही सांगितलं तसं, भांडंभर भांडंभर. खडा नाही, दुखणं नाही. डॉक्टर खूश आहेत.” मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, “चिपळ्या फडक्यात बांधून फळीवर टाकल्यात. परवा मी पुसायला काढल्या तर म्हणाले, राहू दे, भांड्यांचा आवाज करू नकोस.”

त्याच्या पुढच्या ज्येष्ठात एका संध्याकाळी बुवांनी मला बोलावणं धाडलं. ते ओट्यावर बसले होते. दाढी केलेली, कपाळाला गंध. फार दिवसांनी त्यांना तसं पाहिलं.

“एकादशी माझ्याकडे आली, बाई. मुकुंदबुवांना दुसरीकडचं निघालं. मी शेठजींकडे गेलो होतो.”

“आणि?”

“दंडक पाळीन म्हणालो.”

 आत काकूंनी पाट आपटल्यासारखा आवाज झाला.

“कोठीत माठ ठेवू का, म्हणाले. मी नको म्हटलं. उघड प्यायचं नाही हे कबूल केलंय, आणि लपून मला जमत नाही. मग राहिलं काय?”

“बुवा, आपण मोजलंय ना? नऊ दिवस मोजलंय. एकच मूत्रपिंड आहे तुमचं. तुम्हीच म्हणालात सिद्धांत झाला.”

“झालाच आहे. त्यात काही चूक नाही.” ते शांत होते, मला समजावत होते, वर्गातल्या मुलीला समजवावं तसे. “पण आपण काट्यावर दोघांनाच उभं केलं. पाणी प्यालेला बुवा आणि न प्यालेला बुवा. कीर्तन नसलेला बुवा उभा करा असं तुम्ही म्हणत होतात, मी ऐकलं नाही. गेली दोन वर्षं तो या ओट्यावर बसलाय. त्याचं वजन कुणी केलं नाही. हिला विचारा किती उतरलं ते.”

“आपण दुसऱ्या गावी करू कीर्तन. नाहीतर माझ्या वडिलांच्या मळ्यात करू. मी माणसं जमवते. तिथे तांब्या भरून ठेवीन.”

“मळ्यात राम आहे, पण गादी नाही. आजोबा उभे राहिले त्या फरशीवर मला एकदा उभं राहू द्या.”

“आणि काकू?”

ते आत बघत राहिले. “तिला विचारलंय.”

काकू बाहेर आल्या नाहीत.

एकादशीला मी जाणार नव्हते. घरातून निघाले तेव्हाही मला वाटत होतं की मी शाळेत जाऊन बसेन. पण पटांगणातून चिपळ्यांचा ठेका ऐकू आला आणि माझे पाय तिकडे वळले. देवाशपथ सांगते, तसं कीर्तन मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ते दोन वर्षांचं साठलेलं होतं. साधं नमन म्हटलं तरी अंगावर काटा आला. ज्या मंडळींनी पाठ फिरवली होती, ती पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होती. मीही पुसत होते. मला आनंद होत होता, आणि तो होत होता याची मला चीड येत होती.

मध्यंतरात भिकाजींनी भजन धरलं. बुवा गादीवरच उभे राहिले, डोळे मिटून. कोठीचं दार उघडं होतं. हिरालालशेठ दाराशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बुवांकडे बघून हळूच मान आत वळवून दाखवली. बुवांनी डोळे उघडले नाहीत.

उत्तररंग निम्मा झाला असेल. तोवर बुवांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, अंगरखा पाठीला चिकटला होता. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं कपाळ कोरडं आहे. आधी वाटलं उपरण्याने पुसलं असेल. पण मान कोरडी होती, गाल कोरडे होते, आणि चेहरा तापलेल्या विटेसारखा लाल. अंगरखा हळूहळू वाळत होता. आजूबाजूला बायका म्हणत होत्या, बघा, देवाने वारा घातला, बुवांना घामसुद्धा नाही.

मला कळलं की आता अंगात घाम व्हायलासुद्धा पाणी उरलेलं नाही.

मी उठले. पटांगणातल्या दानाच्या माठातून तांब्या भरला आणि मधल्या वाटेने सरळ गादीकडे निघाले. कुणी माझा पदर ओढला. कुणी म्हणालं, हिला धरा. मी गादीपर्यंत पोचले आणि तांब्या पुढे केला. 

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले. मान हलवली, नाही. आणि ज्या ओळीवर होते ती ओळ सोडली नाही.

मी तिथून हलले नसते. पण काकू बायकांतून पुढे आल्या, त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि मला दंडाला धरून मागे नेलं. “बसा, बाई,” त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “आता मध्ये थांबवलं तर ते मला माफ करायचे नाहीत. होऊ द्या त्यांचं पुरं.”

पुरं झालं. आरती झाली. प्रसादाला हात पुढे करता करता बुवा बोलायला लागले ते असंबद्ध बोलायला लागले. काकूंना आई म्हणाले. मग खाली बसले. अंग हाताला चटका बसेल असं होतं. शेठजींनी आपली जीप काढली. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, अंग उतरलं, दोन दिवस शुद्धही आली. पण लघवी सुरू झाली नाही. दुसरं मूत्रपिंडही बसलं होतं. शुद्धीत असताना त्यांनी माझ्याशी प्रयोगाचं काहीच काढलं नाही. आवाज कसा लागला, एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं. चांगला लागला.

ज्येष्ठ वद्य चतुर्थीला ते गेले.

गावाने मात्र त्यांना एकादशीला गेलेलं धरलं. निर्जळीला गादीवर देह ठेवला, असं फलकावर आलं. पुढच्या वर्षी सभामंडपात त्यांची तसबीर लागली आणि एकादशीच्या कीर्तनाला त्यांचं नाव दिलं. हिरालालशेठांनी आग्रहाने काकूंना पुढे बसवलं, साडी-चोळी दिली. काकूंनी साडी मांडीवर घेतली. मान वर केली नाही. मी मागे, खांबापाशी बसले. कीर्तन म्हटलं की मला घरी बसवत नाही, हा माझा स्वभाव आहे.

मुकुंदबुवांनी उत्तररंगात त्र्यंबकबुवांचंच आख्यान लावलं. चांगलं रचलं होतं. आधी भक्ताला भुलवणारा काळ येतो, त्याला पुस्तकी तर्क शिकवतो, त्याच्या हातून एकदा व्रत मोडवतो. भक्त पस्तावतो. दोन वर्षं मौन धरतो. मग परीक्षेचा दिवस. ऊन, पत्रे, कोरडा कंठ. आणि ऐन रंगात एक स्त्री हातात गार पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येते. इथे मुकुंदबुवांनी आवाज बारीक केला, पदर सावरल्याचा अभिनय केला, चार पावलं लचकत टाकली. मंडळी हसली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. “घ्या हो बुवा, एकच घोट,” मुकुंदबुवा बाईच्या आवाजात म्हणाले, “देव कुठे मोजतोय?” आणि मग छाती पुढे काढून, भरल्या गळ्याने, भक्ताने तिच्याकडे पाठ फिरवल्याचं गायले. तान फार सुरेख घेतली. सगळा मंडप हुंदके देत होता. त्या तानेला माझेही डोळे भरून आले, ते मला आवरले नाहीत.

माझ्या शेजारी परगावची एक म्हातारी बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे झुकली.

“कोण होती हो ती बया?”

“इथल्या शाळेत शिकवायची म्हणे,” मी म्हटलं.

“मग? पुढं काय झालं तिचं?”

आरतीसाठी मंडळी उभी राहत होती. मी म्हातारीला हाताला धरून उठवलं आणि तिच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागले.